पाच गोष्टींची यादी सोडा, एकच लिहा: कृतज्ञता आणि रोजचं टेन्शन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की कामाचं आणि घरचं टेन्शन दिवसभर डोक्यात चालूच असतं, कुणीतरी सांगितलं रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहा म्हणजे मन शांत होईल, तुम्ही लिहायला घेतल्या, पण आठवडाभरात तेच तेच यायला लागलं, तब्येत, घरचे, नोकरी, परत तब्येत, घरचे, नोकरी, आणि आता वही उघडली की उलट वैताग येतो. वर "एवढं सगळं चांगलं असून मी खूश का नाही" म्हणून अपराधी वाटतं ते वेगळंच. तर हे खरंच काम करतं का, की नुसतं फॅड?

काम करतं. पण तुम्हाला ज्या पद्धतीने करायला सांगितलं त्या पद्धतीने केलं की बऱ्याच जणांचं असंच होतं. मी बरीच वर्षं समुपदेशन करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधी ही वही करून, कंटाळून, सोडून आलेले असतात आणि त्यांना वाटत असतं की आपणच निगेटिव्ह आहोत. तसं काही नसतं हो. सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलेलं असतं.

आधी अपेक्षा जाग्यावर आणू. या विषयावरचा सगळ्यात जास्त उल्लेख होणारा अभ्यास 2003 चा, रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो या दोघांचा. त्यांनी लोकांचे गट पाडले, एका गटाने ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायचं, दुसऱ्याने डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला, पुढच्या आठवड्याबद्दल जास्त आशावादी, अंगदुखी-डोकेदुखी टाइप तक्रारी कमी, व्यायामही जास्त केला त्यांनी. आता यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे हा पहिला प्रयोग आठवड्यातून एकदा लिहिण्याचा होता, दहा आठवडे. रोज लिहिण्याचा प्रयोग त्यांनी नंतर वेगळा केला, त्यात मूड सुधारला, दुसऱ्यांना मदत करायचं प्रमाण वाढलं, पण शारीरिक तक्रारींमध्ये तसा फरक दिसला नाही.

आणि दुसरी बाजू पण ऐका. 2021 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले, नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या सरावाचा किती परिणाम होतो, आणि उत्तर आलं की होतो, पण छोटा. त्यामुळे कुणी सांगत असेल की एकवीस दिवसांत आयुष्य बदलेल तर सरळ दुर्लक्ष करा. रोजच्या किरकोळ ताणावर, म्हणजे झोपायच्या आधी डोकं गरगरतं, घरी आल्यावर विनाकारण कुणावर तरी खेकसायला होतं, सुट्टीच्या दिवशी पण कामाचेच विचार, अशा गोष्टींवर हे बऱ्यापैकी उपयोगी पडतं. कर्ज, आजारपण, छळणारा बॉस यांच्यावर हा उपाय नाही, तिथे जे करायला पाहिजे तेच करावं लागतं.

हे काम कसं करतं ते कळलं की पद्धत आपोआप सुचते, म्हणून जरा थांबून सांगतो. आपलं लक्ष मुळात वाईटाकडे जास्त ओढलं जातं, जीभ जशी सारखी दुखऱ्या दाताकडेच जाते तसं. दिवसभरात आठ कामं नीट झाली आणि एका मेलला तिरसट उत्तर आलं तर रात्री गादीवर पडल्यावर कोण भेटायला येतं? तो मेल. आणि ताणाचा खरा त्रास इथे आहे, कारण मेल वाचायला लागलं अर्धं मिनिट पण तो डोक्यात घोळवला चार तास, आणि जोवर तुम्ही घोळवताय तोवर शरीर पण पूर्ण शांत होत नाही, छातीचे ठोके, आवळलेले खांदे, सगळं थोडं थोडं चालूच राहतं, जणू तो मेल आत्ताच येतोय. म्हणजे प्रसंग संपला तरी ताण संपत नाही. याच्या जोडीला दुसरी भानगड अशी की चांगल्याची आपल्याला फार पटकन सवय होते. 1978 साली लॉटरी लागलेल्या लोकांचा एक अभ्यास झाला होता, त्यात ते बाकीच्यांपेक्षा काही खास सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या छोट्या छोट्या गोष्टींतली मजा त्यांना कमी वाटायला लागली होती. तर कृतज्ञतेचा सराव म्हणजे या दोन सवयींच्या उलट दिशेने लक्ष थोडं वळवायचं, एवढंच. लक्षाचा व्यायाम आहे तो. मनातल्या मनात "मी किती भाग्यवान" असा जप करायचा नाहीये.

आता तुमची पाच गोष्टींची वही का फसली ते बघा. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांचा 1991 चा एक मस्त प्रयोग आहे, त्याचा कृतज्ञतेशी थेट संबंध नाही पण मला तो फार उपयोगी वाटतो. काही लोकांना सांगितलं, तुम्ही ठामपणे वागलात असे सहा प्रसंग आठवा, काहींना सांगितलं बारा आठवा. सहा आठवणाऱ्यांना वाटलं आपण ठाम आहोत. बारा आठवणाऱ्यांना पुढची पुढची उदाहरणं आठवायला जड गेलं, आणि गंमत म्हणजे जास्त उदाहरणं लिहूनही त्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं, कारण "एवढा जोर लावावा लागतोय म्हणजे मी तसा नसणारच". तुमचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं. दमलेल्या डोक्याने रोज पाच आकडा भरायचा म्हणून चौथी-पाचवी गोष्ट ओढूनताणून काढायची आणि मन हळूच निष्कर्ष काढतं, चांगलं काही शोधायला इतका त्रास होतोय म्हणजे माझ्या आयुष्यात चांगलं काही नाहीच!

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच गोष्ट लिहायला सांगतो. एक. पण ती आजचीच पाहिजे, आणि इतकी बारीक पाहिजे की दुसऱ्या कुणाच्या वहीत ती सापडूच नये. "मला चांगले सहकारी मिळालेत" हे चालणार नाही, ते उद्या पण खरं आहे आणि परवा पण, त्यात आज काहीच नाही. "मीटिंगमध्ये माझं बोलणं मधेच तोडलं तेव्हा शेजारची म्हणाली, तिचं पूर्ण होऊ दे आधी" हे चालेल. हे लिहिताना तो क्षण परत डोळ्यासमोर येतो, तिचा आवाज येतो, आपल्याला जरा बरं वाटलं होतं ते अंगात परत जाणवतं. ते जाणवणं हाच खरा भाग आहे, लिहिणं हे फक्त तिथे पोचायचं साधन.

मग त्याखाली एक ओळ अजून, हे का घडलं? मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये जो प्रयोग छापला त्यात लोकांनी एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण लिहिलं होतं, आणि त्यांच्यात फरक सहा महिन्यांपर्यंत दिसला. लोक तीन हा आकडा लक्षात ठेवतात आणि कारण लिहायचं विसरतात, आणि माझ्या मते निम्मी ताकद त्या कारणात आहे. कारण विचारलं की कळतं, तिने लक्ष देऊन ऐकलं होतं, तिला बोलायची गरज नव्हती, बोलून तिने बॉसची नाराजी ओढवून घेतली असती तरी ती बोलली. "तिला गरज नव्हती तरी केलं" हे एकदा दिसलं ना, की वाटायचं ते आपोआप वाटतं, वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. आणि कधी कधी कारण तुम्ही स्वतः असता, तेही लिहायचं, "मी आज फोन बाजूला ठेवला म्हणून मुलाचं बोलणं ऐकू आलं", यात लाजायचं काय.

प्रत्येक वेळी माणूसच पाहिजे असं नाही. वेळेत मिळालेली बस, पाठदुखी नसलेली एक सकाळ, खिडकीतून आलेला वारा, काहीही. फक्त आजचं आणि नेमकं.

ज्या दिवशी काहीच सुचत नाही, आणि असे दिवस येणारच, त्या दिवशी उलटा प्रश्न विचारून बघा. एखादी गोष्ट किंवा माणूस जो आज सहज आहे तो आयुष्यात आलाच नसता तर? 2008 मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार असलेल्या लोकांवर हे करून बघितलं. काहींनी लिहिलं आम्ही कसे भेटलो, काहींनी लिहिलं आम्ही कदाचित भेटलोच नसतो ते कसं, आणि दुसऱ्या गटाला आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. भेटीची गोष्ट शंभरदा सांगून शिळी झालेली असते, पण "त्या दिवशी मी गेलोच नसतो तर" म्हटलं की ती एकदम ताजी होते. मात्र हे ज्यांना आधीच काळजी करायची सवय आहे त्यांनी जपून करा, "नसती तर" वरून "गेली तर" वर घसरायला वेळ लागत नाही. तसं व्हायला लागलं तर हा प्रकार सोडून द्या, अडून बसू नका.

आता वेळेबद्दल. रात्री झोपताना करा असं सगळे सांगतात, आणि झोपेआधीचे विचार सौम्य असले तर झोप बरी लागते हे पटण्यासारखंच आहे. पण तुमच्यासारखं डोकं कामांनी भरलेलं असेल तर डायरेक्ट कृतज्ञतेवर उडी मारू नका. आधी ते डोकं रिकामं करा. 2018 च्या एका प्रयोगात तरुण मुलामुलींना झोपायच्या आधी फक्त पाच मिनिटं लिहायला लावलं, काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं लिहिली, आणि करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकी यादी तपशीलवार तितकी झोप लवकर. बघा, उरलेल्या कामांची यादी झोपेला मदत करते! कारण एकदा कागदावर उतरलं की ते लक्षात ठेवायची ड्युटी मेंदूला राहत नाही. म्हणून क्रम असा ठेवा, आधी उद्याची कामं आणि जो काय वैताग असेल तो, शिव्या पण चालतील, कुणी वाचणार नाहीये. मग पान उलटायचं आणि ती एक गोष्ट. आधी तक्रारीला जागा दिली की कृतज्ञता खोटी वाटत नाही, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता मी दुसऱ्या क्रमाने सांगतच नाही.

रोज लिहावं का? इथे माझं मत बाकीच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे बघितलं होतं, एक गट आठवड्यातून एकदा लिहिणारा, दुसरा तीनदा, आणि फायदा एकदा लिहिणाऱ्यांना दिसला. रोजचं झालं की त्याचंही होमवर्क होतं. मी म्हणतो पहिले दोन आठवडे रोज लिहा, कारण तेव्हा नजर तयार व्हायची असते, दिवसा काही घडलं की "हे रात्री लिहीन" असं मनात यायला लागतं, आणि तसं यायला लागलं की काम झालं समजा. त्यानंतर लिहिणं आठवड्यातून एक-दोनदा आणि रोज फक्त बघणं. बघणं म्हणजे दहा सेकंद, जे चांगलं घडतंय तिथे दहा सेकंद थांबायचं, लगेच फोन काढायचा नाही, पुढच्या कामाकडे पळायचं नाही. आणि यासाठी एखादी ठरलेली जागा लावून घ्या, दात घासताना, गाडी पार्क केल्यावर उतरायच्या आधी, लॅपटॉप बंद करताना, कारण "वेळ मिळेल तेव्हा" ठरवलेली गोष्ट कधीच होत नाही. एखादा दिवस चुकला तर चुकला. सवय कशी लागते यावरच्या लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले होते, कुणाला 18 लागले तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त, आणि एखादा दिवस हुकल्याने फारसं काही बिघडत नाही हेही त्यातच दिसलं होतं.

तुमच्या त्या अपराधी वाटण्याकडे येतो, कारण मला ते वहीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. "एवढं असून मी खूश नाही" या वाक्यात कृतज्ञता नाहीये, फटकारणं आहे, आणि बहुतेक वेळा तो आवाज आपला नसतोच, लहानपणी कुणीतरी म्हणालेलं असतं, दुसऱ्यांकडे बघ, त्यांना तेवढं पण मिळत नाही. दुसऱ्याच्या हालांकडे बघून स्वतःला गप्प बसवायचं, याने ताण कमी होत नाही, फक्त तो दाखवायची बंदी होते. तुम्ही एकाच दिवशी बॉसवर चिडलेले आणि शेजारणीच्या मदतीने भारावलेले दोन्ही असू शकता. दोन्ही खरं आहे. एकाने दुसऱ्याला पुसायची गरज नाही.

आणि हे हत्यार दुसरे पण वापरतात बरं का. "नोकरी आहे हे नशीब समज", "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू", अशी वाक्यं जिथे ऐकू येतात तिथे कृतज्ञतेच्या नावाखाली वसुली चालू आहे. कुणी काही दिल्यावर परतफेडीची अपेक्षा जितकी ठळक असेल तितकं घेणाऱ्याला ओझं जास्त वाटतं आणि कृतज्ञता कमी, हे संशोधनातही दिसलंय आणि आपल्या अनुभवात तर आहेच. तेव्हा ज्या माणसाचं नाव वहीत लिहिताना पोटात गोळा येतो त्याचं नाव लिहू नका. जो तुम्हाला त्रास देतो त्याच्यात चांगलं शोधा असं मी तरी कुणाला सांगत नाही, निदान त्रास चालू असेपर्यंत तरी नाही. कुणी रोज अपमान करत असेल आणि तुम्ही रात्री "पण त्याने मला बरंच शिकवलं" लिहित असाल, तर ती वही तुम्हाला तिथेच अडकवून ठेवायला मदत करतेय.

लिहिण्याच्या पुढची पायरी म्हणजे त्या माणसाला सांगणं, आणि ही पायरी लोक टाळतात कारण ऑकवर्ड वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये हेच तपासलं, लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं समोरच्याला कसं वाटेल, मग खरंच समोरच्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, तेवढं झालं नाही, आणि आनंद त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. तेव्हा मेसेज टाका. मोठा लिहायची गरज नाही, "थँक्स फॉर एव्हरीथिंग" तर नकोच, ते कुणालाही पाठवता येतं. "त्या दिवशी तू मीटिंगमध्ये बोललीस ना, मला खूप बरं वाटलं, तेव्हा सांगायचं राहिलं" बस एवढं. घरच्यांना तर जरूर सांगा, कारण जो रोज करतो त्यालाच आपण सांगत नाही.

पाठवायचं नसेल तरी पत्र लिहून ठेवा. समुपदेशनासाठी आलेल्या जवळपास तीनशे लोकांवर एक अभ्यास झालाय, त्यात एका गटाने तीन आठवडे दर आठवड्याला एक आभाराचं पत्र लिहिलं, त्यांचं मानसिक स्वास्थ्य चार आणि बारा आठवड्यांनी बाकीच्या गटांपेक्षा चांगलं होतं, आणि यातल्या पाव भागापेक्षाही कमी लोकांनी पत्र प्रत्यक्षात पाठवलं होतं. फरक लगेच नाही दिसला, हळूहळू दिसला, म्हणून चार दिवसांत "काही होत नाहीये" म्हणून सोडू नका.

वहीत की फोनवर हे पण लोक नेहमी विचारतात. जे हाताशी असेल त्यात लिहा, फक्त फोनवर लिहायला गेलात आणि अर्धा तास रील्स बघत बसलात तर वही बरी.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस सतत उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत, तर हे रोजचं टेन्शन नाही, आणि त्यावर वही हा उपचार नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर आजच कुणालातरी सांगा. नैराश्यात असलेल्या माणसाला "चांगल्या गोष्टी लिही" म्हटलं तर बऱ्याचदा त्याला अजून वाईट वाटतं, कारण त्याला त्या दिसतात पण जाणवत नाहीत, आणि मग तो स्वतःलाच दोष देतो.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्या टोकाला आहात असं वाटत नाही. तर ती पाच गोष्टींची वही चार-पाच दिवस बंदच ठेवा, वैताग उतरू दे. मग आधी कामं आणि कटकटी, मग एक गोष्ट, मग तिचं कारण, दोन आठवडे. रोज "मी खूश आहे का" असं तपासत बसू नका, त्याने काही कळत नाही. दोन गोष्टी बघा फक्त, गादीवर पडल्यावर डोकं किती वेळ चालू राहतं आणि घरी आल्यावर पहिल्या तासात तुम्ही कुणावर किती वेळा खेकसता. दुसरीचं उत्तर घरच्यांना विचारा, ते जास्त खरं सांगतील.